बाहेरून कडी

"मॅडम, सोपानच्या जामिनाला पुढची तारीख घेऊया ना? पंधराच दिवस!"

ईशान हे इतक्या आरामात म्हणाला की मी कपाळालाच हात लावला.

अरे, आज दुपारी तीनला सुनावणी! मुद्दे काढायचं काम ह्याचं! आम्ही दोघं लॉच्या शेवटच्या वर्षाला, सुट्टीत पारकर मॅडमकडे काम शिकायला आलेलो. मॅडम कोर्टात गरिबांच्या केसेस फुकट लढतात. आणि सोपान घुगे म्हणजे स्कूटर चोरल्याच्या आरोपावरून पाच महिने जेलात. खटला अजून सुरूच नाही.

"मुद्दे का नाही काढलेस?"

"उद्या सरकारी समितीपुढे बोलायचंय, मॅडम. त्याचीच तयारी चाललीये. जमलं तर थेट गृहखात्यात काम मिळेल!"

"विषय?"

"कच्चे कैदी खटल्याविना वर्षानुवर्षं का सडतात."

...

मॅडमनी डोळे मिटले. उघडले. माझ्याकडे बघितलं. मग पंख्याकडे.

"सोपानला काय सांगू?"

"सांगा ना, मी धोरणच बदलायला निघालोय! हजारो सोपान सुटतील. ह्या एकाचं पंधरा दिवसांत असं काय बिघडतंय?"

मॅडम उठल्या. चहाचा कप घेतला. बाहेर गेल्या.

खट्.

ईशान दाराला भिडला. "मॅडम! अहो, कडी लागली!"

"लागली नाही. लावली."

"मग उघडा ना!"

"बघू."

"बघू म्हणजे कधी?"

...

बाहेर चहाचा लांबलचक भुरका.

मग ह्याचं सुरू. आधी विनंत्या, मग कायद्याची कलमं, मग दारावर थापा. मी म्हटलं, "बाबा रे, गप बस!" शेवटी घाम पुसत गडी खाली बसला. सोपानची फाईल ओढली. लिहायला लागला. पहिला कागद झाला तसा दाराखालून बाहेर सरकवला.

"मॅडम, बाकीचे मुद्दे लिहितोय. तारीख नको. आजच लढा."

कागद बाहेर ओढला गेला. कडी मात्र तशीच.

आणि मी? माझ्या केसचे मुद्दे तर मी कालच देऊन बसलेले! डोकंच फिरलं माझं.

"मॅडम, ह्याचं ठीक आहे! पण मी का आत? मी काय केलंय?"

...

"आत आहेस ना? मग केलंच असशील काहीतरी."