दादाचा परकार

त्या दिवशी शिडी धरायला कोणी होतं का, हे मला आजपर्यंत कोणी सांगितलं नाही. सभापतींच्या नव्या बंगल्यात कपाट बसवताना माझा दादा, धर्मा सुतार, शिडीवरून पडला आणि गेला.

तेरावं झाल्यावर मी त्याची हत्यारांची पेटी आणायला गेलो. कपाटाची पट्टी आणि भिंत यांच्यामध्ये फट दिसत होती. सभापती गवंड्याला आणि गड्यांना ती दाखवत होते.

"भिंत मी स्वतः उभं राहून बांधून घेतलीय, अगदी सरळ. सुतारच आंधळा होता." मग माझ्याकडे वळले. "फट बुजव, तरच पेटी मिळेल. काय घेतोस, करवत का रंधा?"

त्यांचा गळा धरावासा वाटला. मी पेटीतून परकार काढला.

"अरे, ह्याला तर धारच नाही!" गडी हसले.

परकाराचं टोक भिंतीला आणि पेन्सिल पट्टीला टेकवून मी तो वरून खाली ओढत आणला.

सभापती खो-खो हसले. "ही रेघ आहे का साप? पिऊन आलास काय?"

"टोक भिंतीला धरून चाललं, साहेब. ही रेघ तुमच्या भिंतीची आहे."

गवंड्याने मान खाली घातली.

"पेटी उचल आणि नीघ," सभापती म्हणाले.

मी निघालो नाही. ह्याच रेघेसाठी दादाने पट्टीत बोटभर लाकूड जास्त ठेवलं होतं. त्याच्याच पटाशीने मी ते रेघेपर्यंत उतरवलं आणि पट्टी भिंतीकडे सरकवून अशी बसवली की मधून कागद जाईना.