समोरची काच

टेबलावर मावेल एवढा एक समुद्र होता, तेव्हाची ही गोष्ट. निळ्या दिव्याखाली त्याचं पाणी झोपेतल्यासारखं हलायचं आणि त्यात एक कोवळं प्रवाळ झुलायचं.

तिथले म्हातारे मासे माणूस दिसला की काचेला तोंड लावून उपाशी असल्याचं सोंग करायचे. वरून चिमूटभर दाणे पडायचे. निम्मे ते गिळायचे, निम्मे तळाशी कुजायचे. कुजलेल्यातून फॉस्फेट सुटायचं आणि त्यावर शेवाळ पोसायचं. ते आता काचांवर चढलं होतं आणि प्रवाळाच्या गळ्याशी आलं होतं.

"गोगलगायी, समोरची काच चाट आधी," थोरले नारिंगी आजोबा म्हणाले. "आम्ही दिसलो पाहिजे."

"प्रवाळ गुदमरतंय, आजोबा. मागणं कमी करा."

"आलेल्या अन्नाला नाही म्हणू नये. आमच्यावर तसे संस्कार आहेत."

"आणि उष्टं टाकायचं, हे कुठल्या संस्कारात बसतं?"

आजोबांनी पाठ फिरवली. गोगलगाय काच सोडून थेट प्रवाळापाशी गेली आणि दिवसचे दिवस त्याच्याभोवतीचं शेवाळ खात राहिली.

समोरची काच हिरवी झाली. सोंगं बाहेर दिसेनात, तेव्हा दाणे दिवसातून एकदाच पडू लागले. म्हाताऱ्यांनी ते तळापर्यंत जाऊन वेचले. कुजायला काही उरेना, तसं शेवाळ रोडावलं. प्रवाळ पुन्हा श्वास घेऊ लागलं.

"वळण नाही तुला," आजोबा कुरकुरले. "म्हाताऱ्यांना उपाशी मारतेस."

"खरी भूक लागली तुम्हाला, आजोबा," गोगलगाय म्हणाली. "म्हणून तर प्रवाळ जगलं."