सगुणाचा हंडा

एक होता राजा. त्याला कुणी महाराज म्हणत नसे, सगळे बाप म्हणत. त्याच्या राज्यात एक गाव होतं आणि गावात पाण्याचा थेंब नव्हता. मग बाप म्हणाला, "विहीर खणा. पाणी मी देतो."

मग बाया खणू लागल्या. सगळ्यांत पुढे तबिथा. तिची आई अंथरुणाला खिळलेली, ओठांना भेगा पडलेल्या. आईसाठी तबिथा सात वर्षं खणत होती, बरं का! हाताला फोड, फोडावर फोड. आणि तिची शेजारीण सगुणा? ती ओट्यावर पाय पसरून बसायची आणि म्हणायची, "खणा गं, खणा! खाली बेडूक भेटला तर माझा नमस्कार सांगा."

सात वर्षं सरली. शेवटच्या दिवशी, ऊन कललं तेव्हा सगुणा आली. तिने एक घमेलं माती उचलली. एकच! आणि तेवढ्यात खडकातून भस्सकन पाणी उसळलं.

मग बापाने प्रत्येकीला तांब्याचा हंडा दिला. काठोकाठ भरलेला, कधीच न आटणारा. "दिवस मावळायच्या आत डोक्यावरून घरी न्या," तो म्हणाला. "डोक्यावर घेतला की वाटेत टेकवायचा नाही. टेकवला की आटला. दिवस मावळला तरी आटला."

सगुणालाही हंडा दिला. तेवढाच मोठा!

तबिथाचा संताप संताप झाला. "बापा, हा कुठला न्याय? मी सात वर्षं खणलं. हिने एक घमेलं उचललं!"

"खड्डा तुझा, पोरी," बाप म्हणाला. "पाणी तुझं का?"

"खड्डा तरी माझा ना!" म्हणून ती पाठ फिरवून बसली. बाकीच्या बायांनी एकमेकींच्या हंड्यांना हात लावून ते डोक्यावर चढवले आणि त्या हसत घरी गेल्या. ही बसली धुमसत.

मग सूर्य चिंचेच्या शेंड्याला टेकला, तेव्हा तिला आई आठवली. ती उठली. पण भरला हंडा एकटीने डोक्यावर चढतो का? पहिल्यांदा तो गुडघ्यावरून घसरला. दुसऱ्यांदा छातीपर्यंत आला आणि परत गेला. तिसऱ्यांदा दगडावर ठेवून खाली वाकली, तर तिचीच मान लचकली.

"हात लावू का गं?" मागून सगुणा म्हणाली. तिचाही हंडा तसाच भरलेला खाली होता. आयत्या वेळी आलेलीच्या हंड्याला कोण हात लावणार?

"तू? त्या फुकट्या हातांनी?"

"फुकटे आहेत, पण आहेत तर खरे."

तबिथाने दात आवळले. "लाव," ती म्हणाली.

सगुणाने तिच्या डोक्यावर चुंबळ नीट बसवली. एक, दोन, हं! हंडा डोक्यावर गेला. तबिथा निघाली. नऊ पावलं गेली आणि थांबली. डोक्यावर हंडा असला की मान वळत नाही, बरं का. म्हणून ती अख्खीच वळली.

सगुणा आपल्या हंड्याशी बसली होती. "जा गं," ती म्हणाली. "आई वाट बघत असेल. मला उशिराची सवयच आहे."

सूर्य अर्धा बुडाला होता. हंडा खाली ठेवावा, तर आईचं पाणी आटणार. निघून जावं, तर सगुणाचं. मग तबिथा अशी कडाडली की चिंचेवरची पाखरं उडाली.

"बापा! कुठे आहेस? दिलंस ना हिला? मग उचलून कोण देणार? सगळ्यांत मागे राहिली म्हणून हिने तहानेने मरायचं? हा कुठला न्याय?"

बाप विहिरीमागेच उभा होता. तो म्हणाला, "भांडलीस खरी! आणि आज दुसरीसाठी."

मग तो राजा चिखलात गुडघे टेकून बसला आणि त्याने सगुणाच्या हंड्याला स्वतः हात लावला.

दोघी घरी पोचल्या, तेव्हा किरणभर ऊन उरलं होतं. आई पोटभर प्यायली. मग पलीकडे सगुणाच्या घरात भांड्यात पाणी पडल्याचा आवाज आला, आणि काय सांगू, तबिथाला तोच आवाज जास्त गोड लागला.

तिथे सगळ्यांची तहान भागली. इथे तुमच्या पापण्या जड झाल्या. आता धाकट्याला जास्त पांघरूण दिलं म्हणून कुरकुर नको. सरका, त्यालाही घ्या आत. मिटा डोळे.