एकोणतीस की छत्तीस?

एका गावात गाड्या पळवायचा एक ट्रॅक होता, आणि तो गावापेक्षा मोठा होता. गावाचं नाव घोडमाळ. ट्रॅकने गावाला असा वेढा घातला होता की शेजारणीकडे विरजण मागायला जायचं तरी बायका आधी उजवीकडे बघत. तिथल्या म्हशी वळण्याआधी शेपटीने इशारा देत. खोटं वाटत असेल तर म्हशींना विचारा.

दर महिन्याच्या एका रविवारी तिथे ट्रॅक डे भरे. शर्यत नाही, बक्षीस नाही. ज्याने त्याने घरची गाडी आणायची आणि मनसोक्त पळवायची. वळणांवर पेंढ्यांच्या भिंती रचलेल्या असत. नियम एकच, तो झेंडेवाल्या तात्यांचा: "तीनदा पेंढ्यात, मग वर्षभर घरात." एका दिवसात ज्याची गाडी तिसऱ्यांदा पेंढ्यात घुसली, त्याला वर्षभर ट्रॅक बंद. तात्यांनी सख्ख्या जावयालाही सोडलं नव्हतं. तो जावई अजून सासुरवाडीला येत नाही.

याच गावात अंबादास पुरीवाला राहत होता. त्याची पुरी अशी फुगे, की गिऱ्हाइकाला ती बोटाने दाबून धरावी लागे. नाहीतर उडून शेजारच्या टेबलावर जाई. त्याची छोटी मोटारगाडी एके काळी पांढरी होती. कढईच्या वाफेने ती आता पुरीच्याच रंगाची झाली होती.

अंबादास ट्रॅकवर जाई तेव्हा त्याची बायको वत्सला कढई सांभाळे. एके रविवारी तिने पदर खोचला आणि सांगितलं, "इतकी वर्षं तुम्ही ट्रॅकवरची हवा खाता आणि मी इथे धूर खाते. आज संध्याकाळच्या शेवटच्या फेरीला मी शेजारी बसणार. कढई झाकूनच येते."

अंबादास हरखला. मग घाबरला. आजवर तो टायरमध्ये हवा आहे की नाही एवढंच बघे, तेही लाथ मारून. आज वत्सला बसणार म्हटल्यावर हवा कशी अगदी मोजून पाहिजे. म्हणून तो सल्ला विचारायला निघाला, आणि तिथेच घोळ झाला.

गावात दोन साडू होते. सर्जेरावांची वीटभट्टी आणि दिगंबररावांचा बर्फाचा कारखाना. दोघांकडे अंबादाससारखीच गाडी, तेच टायर, आणि दोघांपैकी कोणीही कधी पेंढ्यात गेलेलं नव्हतं. पण आपसात छत्तीसचा आकडा. एकाने सूर्य उगवला म्हटलं, तर दुसरा खिडकी लावून घेई.

त्याच सकाळी अंबादास सर्जेरावांकडे गेला. "सर्जेराव, हवा किती ठेवू?"

"छत्तीस. डोळे झाकून छत्तीस!"

अंबादासने हवेचा मीटर लावून चारी चाकांत छत्तीस भरली आणि तो ट्रॅकवर गेला. पहिल्या फेऱ्या झकास झाल्या. मग गाडी तेलकट ताटलीतल्या पुरीसारखी घसरायला लागली आणि ओढ्याच्या वळणावर सरळ पेंढ्यात गेली.

"एक!" तात्या ओरडले.

अंबादासने बाहेर येऊन मीटर लावला. टायर चटका बसेल इतके तापलेले. काटा त्रेचाळीसवर! त्याने मीटर झटकला, पुसला, कानाला लावला. पुन्हा त्रेचाळीस. "अरे, मी छत्तीस भरली होती. वरची सात कोणी भरली?" त्याने आजूबाजूला संशयाने पाहिलं. जवळ फक्त एक शेळी होती. शेळीनेही त्याच्याकडे संशयाने पाहिलं.

तेवढ्यात दिगंबरराव आले. "कोणाला विचारलं होतंस? त्या भट्टीवाल्याला? म्हणूनच! अरे बाबा, हवा एकोणतीस. माझा हिशोब कधी चुकलाय?"

अंबादासने तिथल्या तिथे, तापल्या टायरातून फुस्स फुस्स करत हवा सोडली आणि काटा एकोणतीसवर आणला. गाडी लिंबाच्या सावलीत लावली, जेवला, पान खाल्लं, डुलकी काढली. मग गार झालेली गाडी घेऊन पुन्हा ट्रॅकवर गेला. या खेपेला पहिल्याच वळणावर टायर कणीक तिंबल्यासारखे दबले, गाडी एका कुशीवर झुकली आणि बैलगाडीसारखी हेलकावत पेंढ्यात गेली.

"दोन!" तात्या म्हणाले. "अंबादास, पेंढे खायला येतोस का रे?"

अंबादासने पुन्हा मीटर लावला. बावीस!

आता मात्र त्याचं डोकं फिरलं. मघाशी सात जास्त, आता सात कमी. ती सात येते कुठून आणि जाते कुठे? कोणी चोरते म्हणावं, तर टायरातली हवा चोरून कोणी काय करणार? पिशवीत तर नेता येत नाही. त्याला एकदा वाटलं मीटर खोटा आहे, एकदा वाटलं टायर खोटे आहेत. शेवटी वाटलं, आपणच खोटे आहोत.

तो दोघा साडूंना घेऊन गाडीपाशी आला. हीच चूक नंबर तीन.

"छत्तीस!"

"एकोणतीस!"

"मी ट्रॅकवरून उतरल्या उतरल्या मोजतो. छत्तीसच भरते."

"मी सकाळी दारातून निघताना मोजतो. एकोणतीसच भरते."

"तुझा मीटर बर्फात गोठलाय!"

"तुझा भट्टीत भाजलाय!"

अंबादास एकदा इकडे बघे, एकदा तिकडे. दोघेही गावातले मातब्बर. एकाचं ऐकलं तर दुसरा रुसणार. शिवाय दोघेही पुऱ्यांची रोजची गिऱ्हाइकं. दोघे भांडत रसवंतीकडे गेले, तेव्हा अंबादासने बराच वेळ डोकं खाजवलं आणि सोन्यासारखा न्याय केला. उजवीकडच्या दोन चाकांत छत्तीस, डावीकडच्या दोन चाकांत एकोणतीस. दोघांचाही मान राहिला.

ऊन उतरलं. वत्सला आली. अंबाड्यावर अबोलीचा गजरा आणि गजऱ्यावर हेल्मेट. ती गाडीसमोर उभी राहिली, मान वाकडी करून पाहिलं आणि म्हणाली, "अहो, गाडीची कंबर लचकलीय का?"

अंबादासने सगळी कहाणी सांगितली. छत्तीस, एकोणतीस, येणारी सात, जाणारी सात, शेळी. सांगताना त्याचा आवाज रडवेला झाला. "वत्सले, आता तिसऱ्यांदा गेलो तर वर्षभर घरात. तू पहिल्यांदा बसणार आणि मी तुला पेंढ्यात घालणार. तू आपली घरी जा."

"घरी जायला मी हेल्मेट घातलं का?" वत्सला म्हणाली. "बरं, मला एक सांगा. उद्या दुकानात नवा गडी आला आणि त्याने विचारलं, शेठ, पुरी केवढी करू? तर काय सांगाल?"

"केवढी म्हणजे?" अंबादास वैतागला. "काय मूर्ख गडी आहे! आधी नीट विचार की, लाटताना केवढी की फुगल्यावर केवढी..."

आणि तो थांबला. तोंड उघडंच राहिलं. तोंडात एक माशी शिरून, सगळं बघून, बाहेर आली तरी त्याला कळलं नाही.

"आयुष्यभर पुऱ्या तळल्या," वत्सला म्हणाली, "आणि फुगणं म्हणजे काय ते टायरला विचारत बसलात."

अंबादासने कपाळावर हात मारला. सर्जेराव सांगत होते ती तळलेल्या पुरीची गोष्ट. दिगंबरराव सांगत होते ती लाटलेल्या पुरीची. पुरी एकच! टायर पळून तापला की हवा सातने फुगते, गार झाला की सातने बसते. आणि या शहाण्याने तळलेलीचं माप लाटताना धरलं, लाटलेलीचं माप तळल्यावर धरलं.

टायर एव्हाना पार गार झाले होते. त्याने चारी चाकांत एकोणतीस केली. वत्सला दाराला हात घालणार तोच तो म्हणाला, "थांब. घाणा टाकण्याआधी पहिली पुरी तळून बघायची असते. मी एकटा जाऊन येतो."

तो एकटाच काही फेऱ्या मारून आला आणि गाडी थांबताच मीटर लावला. छत्तीस. छत्तीस. छत्तीस. हरवलेली सात घरी परत आली होती. पण डाव्या पुढच्या चाकात अडतीस. अंबादासला उजव्या वळणावर उशिरा ब्रेक मारून गाडी हिसक्याने वळवायची खोड होती. सगळा भार त्या एका चाकावर पडे आणि ते जास्त तापे. हे कोणत्याही साडूने सांगितलं नव्हतं. सांगणार कसं? खोड त्याची, चाक त्याचं. त्याने त्यातली दोन सोडली आणि दार उघडलं. "या वत्सलाबाई."

ओढ्याचं वळण आलं. तात्यांनी झेंडा सरसावला. अंबादासने भीतीने डोळे मिटले.

"अहो, डोळे उघडा!" वत्सला किंचाळली. "नवीन मी आहे, तुम्ही नाही!"

त्याने डोळे उघडले. गाडीने वळण घेतलं, झाऱ्यावरून पुरी परातीत उतरावी तितक्या अलगद. पेंढे जागच्या जागी राहिले. तात्यांनी झेंडा खाली केला आणि नाइलाजाने टाळी वाजवली.

फेरी संपली. वत्सलाने हेल्मेट काढलं, गजरा नीट केला. "पुढच्या महिन्यात मी चालवणार. तुम्ही कढई सांभाळा."

मग अंबादासने दोघा साडूंना बोलावून सांगितलं, की तुम्ही दोघे इतकी वर्षं एकच गोष्ट बोलत आहात. दोघांचे चेहरे पडले. भांडण संपलं तर संध्याकाळ काढायची कशी? गाव काळजीत पडलं.

"पण मोजायची ती गरमच," सर्जेराव हळूच म्हणाले.

"थंडच!" दिगंबरराव म्हणाले, आणि गावाने सुटकेचा श्वास सोडला.

तात्पर्य: सल्ला खरा असला तरी तो कोणत्या वेळेचा, हे विचारल्यावाचून घेऊ नये, आणि घेतला, तरी पहिली पुरी आपल्याच कढईत तळून बघावी.