तीन पायांची बेडकी

एक होतं मोठ्ठं कापड. गल्लीतल्या बाया मिळून ते भरत होत्या. सुईने, दोऱ्याने. त्यांनी भरलं तळं. भरलं कमळ. आणि भरली एक बेडकी, हिरवीगार. पाय किती? एक, दोन, तीन. चौथा राहिलाच! बाया उठल्या चहाला.

बेडकीला जायचं होतं तळ्यात. तिने मारली उडी. टुणुक टुणुक धप्प! पडली नाकावर.

"काय बाई वैताग!" म्हणाली बेडकी. आणि उतरली कापडावरून.

टुणुक टुणुक धप्प! गेली हौसामावशीकडे. मावशी रंग भरायची.

"हौसामावशी, हौसामावशी, माझा पाय भर."

"आधी चाची कड घालेल. कडेशिवाय मी भरत नाही, जा!"

टुणुक टुणुक धप्प! गेली सकीनाचाचीकडे. चाची कड घालायची.

"सकीनाचाची, सकीनाचाची, कड घाल.
मावशी भरत नाही,
माझा पाय होत नाही,
काय बाई वैताग!"

"आधी ताई पाय काढेल. काढल्याशिवाय मी कड घालत नाही, जा!"

टुणुक टुणुक धप्प! गेली यमूताईकडे. ताई पेन्सिलीने चित्र काढायची.

"यमूताई, यमूताई, पाय काढ.
चाची कड घालत नाही,
मावशी भरत नाही,
माझा पाय होत नाही,
काय बाई वैताग!"

"कापड बघ किती ढिलं! आधी आजी रिंग आवळेल. आवळल्याशिवाय मी काढत नाही, जा!"

टुणुक टुणुक धप्प! गेली भागाआजीकडे. आजी कापड गोल रिंगेत घट्ट आवळायची. बेडकी आता रडकुंडीला आली.

"भागाआजी, भागाआजी, रिंग आवळ.
ताई पाय काढत नाही,
चाची कड घालत नाही,
मावशी भरत नाही,
माझा पाय होत नाही,
काय बाई वैताग!"

आजीने कपाळावर हात मारला.

"अगं बये! आवळू कुणाला? तू तर इथे! पाय भरायचा कापडावर आणि तू हिंडतेस गल्लीभर. जा, जागेवर बस आधी!"

"अगंबाई! खरंच की!"

टुणुक टुणुक धप्प! बेडकी बसली कापडावर. गप्प.

मग आजीने रिंग आवळली. कर्र कर्र.
ताईने पाय काढला. सर्र सर्र.
चाचीने कड घातली. टुचुक टुचुक.
मावशीने रंग भरला. सुळुक सुळुक.
झाला चौथा पाय!

टुणुक टुणुक टुणुक... डुबुक! बेडकी तळ्यात!

"झालं! उडवलं पाणी सगळीकडे!" आजी करवादली. "आता हे थेंब कोण भरणार?"

"मी!" म्हणाली मावशी.
"मी!" म्हणाली चाची.
"मी!" म्हणाली ताई.

"सरका गं," म्हणाली आजी, "आधी मी!"