चढावरचा जोर

खाणमालक तात्यासाहेब बाबरांची पिकअप रोज मजुरांना घेऊन खाणीचा चढ चढायची. एके सकाळी इंजिनाचा जोर संपला, गाडी मागं घसरून दरीत कोसळली आणि तिघं गेले. त्यात गॅरेजवाल्या दस्तगीर मिस्त्रीचा भाऊ होता.

नव्या पिकअपला इंजिनाचा जोर वाढवणारा सुपरचार्जर बसवायला बाबर दस्तगीरकडंच आले.

तो म्हणाला, “चढासाठी कमी वेगात जोर देणारा घ्या.”

“तो बैलगाडीला बसव! मला शर्यतीच्या गाडीतला हवा. शंभराच्या पुढं खरा जोर देतो,” बाबर चारचौघांत हसले.

“मालक, त्या चढावर तुमच्या गाडीनं शंभराचा वेग एकदाच गाठला. दरीत पडताना.”

बाबर खाली मान घालून म्हणाले, “तू म्हणतोस तोच बसव.”