खारीचा तुंबा

डोंगराच्या पायथ्याशी, ओढ्याकाठच्या रानात, एका जुन्या मोहाच्या ढोलीत एक खार राहत असे. तिचा नवरा रानभर हिंडून चारोळीच्या बिया वेचून आणी आणि ही बसल्या जागी दातांनी कटाकटा फोडून आतले दाणे काढी. दाणा कसा अख्खा निघायचा, कुठे टवका म्हणून नाही. पौर्णिमेला वडाखाली रानाचा बाजार भरे. तिथे चारोळ्या द्यायच्या आणि त्यांच्या बदल्यात महिन्याचा शिधा घ्यायचा, अशी रानाची रीत होती. आणलेला शिधा खार एका वाळक्या भोपळ्यात, म्हणजे तुंब्यात, भरून ठेवी. तुंबा भरला की त्याच्यावरून शेपटी फिरवून म्हणे, "चला, महिन्याची काळजी मिटली."

पण बाळांनो, काळजी अशी शेपटी फिरवून मिटते का? पिल्लं येता-जाता तुंब्यात हात घालायची. नवरा दमून आला की मूठभर, शेजारीण गप्पांना आली की ओंजळभर. कुणी मोजायचं नाही, कुणी मापायचं नाही. पौर्णिमेला गळ्यापर्यंत भरलेला तुंबा अमावस्या झाली की खडखड वाजू लागे आणि पुढे चार दिवसांत ती खडखडही बंद. मग खारीला पलीकडच्या आंब्यावर आपल्या थोरल्या जावेकडे जावं लागे. थोरली देत असे, नाही कशाला म्हणा. पण वाटीभर ज्वारीबरोबर सूपभर टोमणे देई.

"आल्या का धाकट्या बाई? आभाळात चंद्राची कोर दिसली की तू माझ्या दारात दिसतेस. आम्हाला बाई पंचांगाची गरजच नाही!"

खार मान खाली घालून ऐकून घेई. पण एकदा तिचं धाकटं पिल्लू बरोबर आलं होतं. त्यानं ज्वारीचा दाणा तोंडात टाकला, तशी जाऊ त्याला म्हणाली, "हळू खा रे सोन्या, मागून आणलेलं पुरवून खावं." पिल्लानं तो दाणा तोंडातून काढून हातात धरला आणि आईकडे पाहिलं. आपल्याला बोललेलं सोसवतं, लेकराला बोललेलं सोसवत नाही. घरी येताच तिनं पण केला, "पुढच्या महिन्यापासून जिभेला कुलूप. मरेन, पण त्या आंब्याची पायरी चढणार नाही."

पौर्णिमा आली. बाजारात मध आणि रानमेवा विकणारा पोपट नेहमीसारखा ओरडत होता, "घ्या मध! घ्या करवंदं! आज खा, उद्याचं उद्या पाहू!" खारीनं त्याच्याकडे पाठ केली.

"काय ताई, आज पाठ का? माझ्या मधाला काटे फुटले की काय?"

"तुझ्या मधाला नाही रे, माझ्या संसाराला फुटलेत," असं म्हणून ती सगळ्या चारोळ्यांची नुसती ज्वारी घेऊन घरी आली. बेलफळाच्या कवटीची एक वाटी केली. सकाळी एक वाटी, संध्याकाळी एक वाटी, बस्स. गोड नाही, शेंगदाणा नाही, शेजारणीपुढे दाणा नाही. "आई, आज काहीतरी..." एवढं पिल्लानं म्हणायचा अवकाश, की "नाही!"

आठ-दहा दिवस घर अगदी शिस्तीत चाललं. शिस्तीत, पण सुतकात असल्यासारखं. आणि मग एका दुपारी पोपट मधाचं पोळं घेऊन नेमका मोहाखालून निघाला. वास ढोलीत शिरला. पिल्लं नुसती नाकं हलवत बसली. खार म्हणाली, "एकदाच हं. वाटीभर ज्वारी देऊन बोटभर मध घेऊ."

घेतला, चाटला. आणि चाटल्यावर तिच्या मनानं काय म्हणावं? नेम मोडलाच आहे, आता थोडा मोडला काय नि फार मोडला काय! मग एक वाटी देऊन करवंदं आली, दोन वाट्या देऊन शेंगा आल्या, पुन्हा मध आला. संध्याकाळी नवरा आला. आधी तो रागावला. मग त्यानं दोन शेंगा चाखल्या. मग मांडी घालूनच बसला. एकादशी अन् दुप्पट खाशी, तशातली गत झाली. या खेपेला तर अमावस्येच्या आधीच तुंबा रिकामा!

दुसऱ्या दिवशी खार ओढ्याकाठी जाऊन मुसमुसत बसली. दगडाखालून एक म्हातारा खेकडा तिरका तिरका बाहेर आला.

"कोण रडतंय? ओढ्याला पाणी आहे गं पोरी, वर तुझं कशाला?"

खारीनं सगळं सांगितलं. "खेकडोबा, मी इतका घट्ट बांध घातला होता. तरी फुटला कसा?"

खेकडा हसला. "बांध कसे फुटतात हे तू बरोबर माणसाला... छे, बरोबर खेकड्याला विचारलंस! माझा जन्म गेला बांध फोडण्यात. ऐक. थेंबसुद्धा बाहेर जाऊ द्यायचा नाही, अशा हट्टानं घातलेला बांध मला फार आवडतो. पाणी मागं तटतटून बसलेलं असतं. मी बोटाएवढं भोक पाडायचं, बाकी काम पाणीच करतं. पण जो शहाणा असतो, तो बांध घालतानाच एका बाजूला थोडी वाट ठेवतो. त्याला सांडवा म्हणतात. जास्तीचं पाणी तिथून गुपचूप निघून जातं, बांध जागचा हलत नाही. तिथं माझी नांगी चालत नाही बघ."

"म्हणजे मी सांडवाच ठेवला नाही?"

"जिभेला कुलूप घातलंस ना? मग ती भिंत फोडणारच. तिला एक खिडकी दे."

त्या महिन्याला खारीला आंब्यावर जावंच लागलं. गेली, ऐकलं, आणलं. पण पुढच्या पौर्णिमेला तिनं आधी सगळ्यांना पोटभर जेवायला घातलं आणि मगच बाजाराची वाट धरली. उपाशी पोटी बाजाराला गेलं की डोळे खरेदी करतात. तुंब्यापुरती ज्वारी घेतली आणि थोड्या चारोळ्या मुद्दाम मागे ठेवून पोपटापुढे जाऊन उभी राहिली.

"एवढ्याशा चारोळ्यांत काय यायचं ताई?"

"येईल तेवढं दे. आज पाठ तर फिरवली नाही ना तुझ्याकडे?"

पोपटानं दिलेला मध आणि शेंगदाणे तिनं पळसाच्या पानाच्या द्रोणात ठेवले आणि घरी सगळ्यांना बसवून सांगितलं, "तुंबा पोटाचा, द्रोण जिभेचा. तुंब्यात हात जायचा नाही, वाटीच जाईल. द्रोणातलं रोज चिमूटभर. पाहुणा आला तर त्याचंही त्यातच. द्रोण संपला तर बाजारापर्यंत गोडाचं नाव काढायचं नाही."

थोरल्या पिल्लानं पहिल्याच दिवशी उद्याचा वाटाही खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी जमिनीवर लोळून गोंधळ घातला. खारीनं त्याला लोळू दिलं. तुंबा जागचा हलला नाही. हळूहळू पिल्लांनाच गंमत वाटू लागली. "आजचं राहू दे, उद्या दोन दाणे एकदम खाऊ," असे बेत ढोलीत शिजू लागले.

अमावस्या झाली. कोर दिसली. कोरीची भाकर व्हायची वेळ आली, तरी खार काही आंब्यावर फिरकेना. इकडे जावेला करमेना! इतके छान टोमणे घोळवून ठेवलेले, ते ऐकवायचे कुणाला? शेवटी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी तीच पदराखाली वाटीभर ज्वारी घेऊन मोहावर आली.

"म्हटलं, आजारी-बिजारी आहेस की काय. आली नाहीस गं?"

"या ना जाऊबाई, बसा," म्हणत खारीनं भाजलेल्या ज्वारीवर द्रोणातला मध घालून पुढे ठेवला. जावेनं खाता खाता हळूच तुंब्याच्या बुडाशी टिचकी मारली. वाटलं होतं, पोकळ वाजेल. तुंबा वाजला 'धप्प!' अजून दोन दिवसांची ज्वारी होती त्यात.

जावेनं पदराखालची वाटी आणखी आत सरकवली. बोटं चाटली. मग घसा खाकरून म्हणाली, "बरा आहे गं मध. अजून थोडा आहे का?"

"आहे ना," खार म्हणाली, "पण तो उद्याचा. उद्या या."

जाऊ उठली आणि आपले सगळे टोमणे जसेच्या तसे घेऊन आंब्यावर परत गेली. धाकट्या पिल्लानं एक दाणा तोंडात टाकला आणि हळूहळू, मजेत, चावून चावून खाल्ला.

तात्पर्य : घरखर्चाला बांध जरूर घालावा; पण जिभेसाठी छोटासा सांडवा ठेवला, तरच तो बांध महिनाअखेरपर्यंत टिकतो.